पानिपतला बघायला काहीच नाही म्हणतात, मग अभ्यासकांबरोबरच्या टूरला जादा पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा ६८ वर्षांचे, आयुष्यभर पानिपतावर मिळेल ते वाचलेले, आता एकदा प्रत्यक्ष जायचंय त्यांना. एका ग्रुपची 'अभ्यासकांसोबत' अशी पाच दिवसांची टूर सापडलीय, पण रेल्वे, हॉटेल, टॅक्सी स्वतः केली तर काम निम्म्यात होतंय. आणि जाऊन आलेला मित्र सांगतोय की तिथे बागेत एक खांब आहे, बाकी काही नाही. मग जादाचे पैसे कशाचे, आणि तो अभ्यासक खरंच अभ्यासक आहे हे आपण कसं ओळखायचं.

मी बऱ्याच वर्षांपासून हेच काम करतेय, छोटे ग्रुप घेऊन किल्ले आणि लढायांच्या जागा दाखवते, त्यामुळे माझं म्हणणं थोडं सविस्तर लिहिते. तुमचा ग्रुप कोणता ते मला माहीत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल बरं-वाईट काही बोलणार नाही, तुमचं तुम्हाला ठरवता येईल एवढंच सांगते.

पहिली गोष्ट, मित्र खोटं बोलत नाहीये. काला आंब, म्हणजे मराठे आणि अब्दाली यांच्या १७६१ च्या तिसऱ्या लढाईचं स्मारक, शहरापासून सातआठ किलोमीटरवर आहे, कुंपणात एक विटांचा स्तंभ, आजूबाजूला बाग, भित्तिशिल्पं, माहितीचे फलक. शांतपणे बघितलं तरी पाऊण तासात होतं. शहरात बाबराची काबुली बाग मशीद आहे, इब्राहिम लोदीची कबर आहे, पण त्या १५२६ च्या पहिल्या लढाईच्या. हेमूचं ठिकाण १५५६ च्या दुसऱ्या लढाईचं. बहुतेक टूरवाले काय करतात तर तिन्ही लढाया, म्युझियम आणि काला आंब एका दिवसात उरकून संध्याकाळी कुरुक्षेत्र गाठतात. असं बघितलं तर खरंच काही दिसत नाही, आणि त्यासाठी तज्ज्ञाला पैसे द्यायची गरजही नाही.

म्हणून खरा प्रश्न पैशाचा नाही, बाबांना तिथे नक्की काय हवंय हा आहे. काही लोकांना त्या मातीला नमस्कार करायचा असतो, तिथे दोन मिनिटं उभं राहायचं असतं, डोळे पुसायचे असतात. ही इच्छा अजिबात कमी दर्जाची नाही, मी स्वतः लोकांना तिथे तसं उभं राहिलेलं बघते आणि मध्ये एक शब्द बोलत नाही. बाबांचं तसं असेल तर दिल्लीत उतरा, टॅक्सी करा, नव्वदेक किलोमीटरचा रस्ता आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत. बाबांबरोबर तुम्ही दोघं-तिघंच असाल, कोणाची घाई नसेल, आणि ते ग्रुपपेक्षा जास्त चांगलं होईल.

पण बाबा जर असे असतील की जेवताना मध्येच विचारतात 'पण भाऊंनी (सदाशिवरावभाऊ, मराठ्यांचे सेनापती) दिल्ली सोडून इतकं वर जायलाच का हवं होतं', तर त्यांना जमीन समजावून सांगणारं माणूस बरोबर पाहिजे. तुमच्या लिहिण्यावरून मला ते या दुसऱ्या प्रकारातले वाटतायत, म्हणून पुढचं सगळं त्यासाठी.

किल्ल्यावर गेलात की बुरूज, दरवाजा, टाकी डोळ्यांनी दिसतात, कोणी काही नाही सांगितलं तरी माणूस थोडंफार समजून येतो. लढाईच्या मैदानाचं तसं नाही. तिथे शेत असतं, विजेचे खांब असतात, एखादी वीटभट्टी. जे घडलं ते उंचसखलपणा, पाणी, अंतर आणि वेळ यांच्यामुळे घडलं आणि या चारही गोष्टी फोटोत येत नाहीत. कोणीतरी जुना कागद आणि समोरची जमीन एकमेकांना जोडून दाखवायला लागतात. जादाचे पैसे असतात ते या जोडण्याचे.

हे पानिपतावर सांगण्याआधी आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण देते, कारण तिथे ते फार स्वच्छ दिसतं. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी लढाई झाली, हाच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला. मराठी फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये होती, पुढे केळणा, तिच्या दरडी उंच. वेलस्ली दक्षिणेकडून आला. समोरून नदी ओलांडणं म्हणजे शंभराच्या आसपास तोफांच्या तोंडी जाणं. वाटाडे म्हणाले जवळपास उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, नाही. त्याने दुर्बिणीतून बघितलं तर खाली पूर्वेकडे नदीच्या अल्याड एक गाव आणि त्याच्या अगदी समोर पल्याड दुसरं गाव, इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपळगाव आणि वारूर अशी येतात. त्याचा विचार असा की दोन गावं नदीच्या दोन काठांवर इतकी समोरासमोर आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, ये-जा असणार म्हणजे उतार असणार. आणि उतार निघाला.

हे वाक्य पुस्तकात वाचलं तर 'हुशार माणूस' असं म्हणून आपण पान उलटतो. पण तिथे उभं राहिल्यावर पुढचं सगळं आपोआप उलगडतं. उतार ओलांडून तो दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरला, तिथे मराठ्यांचं प्रचंड घोडदळ पसरायला जागाच नाही, हे चालून बघितलं की पायांना कळतं. मग लगेच दुसरी बाजू बघायची. वेलस्लीला वाटलं होतं की शिंद्यांच्या कवायती पलटणींना एवढ्या वेळात तोंड फिरवता येणार नाही. त्यांनी फिरवलं. दक्षिणेकडे तोंड असलेली अख्खी रांग तोफांसकट पूर्वेकडे वळली आणि तिचं डावं टोक असई गावाला टेकलं. ही किती अवघड गोष्ट आहे ते ती जागा पायी ओलांडून बघितल्याशिवाय समजत नाही. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण भरकटून त्या गावाच्या अंगावर गेली आणि तिची दाणादाण उडाली. तोफखान्यातले काही लोक मेल्यासारखे पडून राहिले आणि गोरे पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीत तोफा डागल्या. लढाई आपण हरलो, नव्वदहून जास्त तोफा गेल्या, पण इंग्रजांची दीड हजाराच्या वर माणसं मेली आणि जखमी झाली. आणि ती जमीन अजून वाचता येते, गाव वाढलंय, रस्ते झालेत, पण दोन नद्या आणि मधला पट्टा जागेवर आहे.

म्हणून तुम्हाला एक सल्ला, पानिपतचे पैसे भरायच्या आधी बाबांना एक दिवस असईला घेऊन जा. जालन्याहून किंवा संभाजीनगरहून सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. शक्यतो फेब्रुवारीत जा, कारण पावसाळ्यानंतर मका आणि कापूस उभा असतो, माणसाच्या डोक्याच्या वर पीक गेलं की चढउतार काहीच दिसत नाही, शिवाय काळी माती बुटाला अशी चिकटते की म्हाताऱ्या माणसाला चालणं मुश्कील. शेतं मोकळी झाली की जमिनीचा आकार दिसतो. बांधावरून चाला, उभ्या पिकात शिरू नका, आणि शेतात कोणी असेल तर आधी विचारा. बाबा तिथे दोन तास रमले तर पानिपतची टूर त्यांच्यासाठी आहे. अर्ध्या तासात 'चला आता' म्हणाले तर पैसे वाचले, काला आंबला तुम्ही स्वतःच घेऊन जा.

आता पानिपत. पानिपतची अडचण उलटी आहे, तिथली जमीन असईसारखी सरळ वाचता येत नाही. एक तर सगळं सपाट, दुसरं म्हणजे शहर पसरलंय, हायवे, कारखाने, वसाहती, आणि तिसरं, यमुना. नदीने पात्र बदललंय, त्यामुळे आज ती जिथे दिसते तिथेच १७६१ ला होती असं धरून जो कोणी हात लांब करून तुम्हाला मराठ्यांची आणि अब्दालीची रांग दाखवेल त्याला जरा सावधपणेच ऐका. नेमकी रांग कुठे होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि प्रामाणिक माणूस ते आधीच सांगून टाकतो.

मग पानिपतला तज्ज्ञ काय दाखवणार? माझं मत असं की पानिपतची लढाई पानिपतात सुरूच होत नाही, त्यामुळे फक्त पानिपतला नेणारी टूर कितीही मोठ्या अभ्यासकाची असली तरी अपुरी आहे. बघायचा तो रस्ता.

मी दिल्लीतच सुरुवात करते. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये लोकांना उभं करते आणि वर छताकडे बघायला सांगते. ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता आणि भाऊसाहेबांनी या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. म्हणजे लढाईच्या पाच महिने आधीच तिजोरी रिकामी होती. ही एक गोष्ट मनात ठेवून पुढे गेलं की नंतरचा प्रत्येक निर्णय वेगळा दिसतो. तिथून उत्तरेला बुराडी. दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले, पानिपतच्या बरोबर वर्षभर आधी, आज तिथे दाट वस्ती आहे, दाखवायला काही नाही, पण यमुनेच्या वाळवंटात पाण्याच्या इतक्या जवळ शत्रू कसा येऊ शकतो हे नदीकडे बघितल्यावर लक्षात येतं.

आणि मग बागपत, जे बहुतेक टूर गाळतात. माझ्या मते ते अख्ख्या मोहिमेचं मर्मस्थान आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब दिल्लीहून वर गेले आणि कर्नालच्या पुढचं कुंजपुरा घेतलं, अब्दालीचं धान्य, पैसा, तोफा हाती लागल्या. अब्दाली तेव्हा यमुनेच्या पलीकडच्या बाजूला, नदीला अजून पाणी, सगळ्यांचा समज की पाणी ओसरेपर्यंत तो काही येत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तो बागपतला उतरला. काही माणसं वाहून गेली पण फौज पार झाली. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा, कुंजपुरा पानिपतच्या वर, बागपत पानिपतच्या खाली. म्हणजे बघता बघता अब्दाली मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता तुटला, आणि अब्दालीचा अफगाणिस्तानकडचा रस्ता मराठ्यांच्या हातात आला. दोन्ही फौजा एकमेकांच्या घराच्या दारात बसल्या आणि मग मोठा प्रश्न एवढाच उरला की आधी कोणाचं अन्न संपतं. अब्दालीला मागे रोहिलखंड होता, रोहिला सरदार नजीबाची मदत होती, दाणागोटा येत होता. अब्दालीची रसद पाठीमागून तोडायचं आणि आपल्याकडे रसद आणायचं काम ज्यांच्यावर होतं ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. बळवंतराव मेहेंदळे त्याच महिन्यात पडले. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून १४ जानेवारीपर्यंत, अडीच महिने, लाखभराच्या वर माणसं एका जागी, त्यात लढणारे किती आणि यात्रेकरू, बायका, बाजारबुणगे किती.

बागपतच्या पुलावर पाव तास थांबून, हातात नकाशा देऊन हे सांगितलं की लोक गप्प होतात, आणि मग पुण्याहून सोबत आणलेले 'असं का नाही केलं, तसं का नाही केलं' हे प्रश्न बदलतात. घरी वाचताना आपण सगळा दोष एखाद्या माणसावर टाकून मोकळे होतो, होळकरांवर, नाहीतर भाऊंवर, नाहीतर बायकामाणसं बरोबर नेली त्यावर. रस्त्यावरून गेल्यावर दिसतं की नदी, पैसा आणि धान्य यांनी त्या लोकांपुढचे पर्याय एकेक करून बंद करत आणले होते.

कुंजपुरा शेवटी करा किंवा मध्ये करा, पण करा. आज तिथे सैनिक स्कूल आहे, जुन्या बांधकामाचे अवशेष आहेत, गाव साधं आहे. पानिपतपासून ते किती वर आहे हे गाडीत बसून मोजलं की बागपतचा अर्थ पक्का होतो.

आता प्रत्यक्ष मैदानावर काय करायचं. सपाट जमीन हीच तिथली शिकण्यासारखी गोष्ट आहे. मी ग्रुपमधल्या दोघांना शेताकडेच्या रस्त्याने पुढे चालत पाठवते, एकीच्या खांद्यावर लाल ओढणी, आणि बाकीच्यांना सांगते की ओढणी दिसेनाशी झाली की हात वर करा. लोक किती लवकर हात वर करतात बघा. आता विचार करा, मराठ्यांची रांग काही कोस लांब, डाव्या टोकाला इब्राहिमखान गारदी, मध्ये भाऊसाहेब आणि पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव, उजवीकडे शिंदे, होळकर. धूळ, बंदुकांचा धूर. कुठेही टेकाड नाही की ज्यावर चढून सेनापतीने बघावं. उंच म्हणजे फक्त हत्ती. त्या जमिनीवर हत्तीवरचा माणूस सगळ्यांना दिसतो आणि सगळी फौज त्याच्याकडे बघत असते. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, आणि हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली. डोंगराळ मुलखात ती गोष्ट किती जणांना दिसली असती? तिथे ती सगळ्यांना दिसली. त्याच वेळी अब्दाली मागे राहून आपली राखीव फौज आणि उंटांवरची जंबुरकं, म्हणजे छोट्या तोफा, हवी तिथे पाठवत होता, पळणाऱ्या स्वतःच्या लोकांना मारून परत फिरवत होता. हे दोन सेनापती त्या दिवशी कुठे उभे होते यातला फरक त्या सपाट जागेवर जसा कळतो तसा पुस्तकात कळत नाही, निदान मला तरी कळला नव्हता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, माणूस कसा ओळखायचा. ब्रिटनमध्ये लढायांच्या मैदानांच्या गाइडांची संघटना आहे, ती परीक्षा घेऊन बॅज देते. आपल्याकडे पर्यटन खात्याचं गाइडचं लायसन्स असतं, पण त्याचा आणि रणांगण समजावता येण्याचा फारसा संबंध नाही. त्यामुळे चौकशी तुम्हालाच करायला लागणार. फोन करा आणि गोड बोलून दोन-तीन अवघड गोष्टी विचारा.

'मल्हारराव होळकर पळाले का?' हा प्रश्न मी स्वतः विचारला असता. ताडकन 'हो, पळाले' किंवा ताडकन 'नाही, ही बदनामी आहे' असं उत्तर आलं तर मला शंका येते. चांगला माणूस विचारतो की कोणाच्या लिहिण्यावरून. मग तो सांगेल की कोणी त्या वेळी लिहिलं, कोणी नंतर, कोण कोणाच्या बाजूचा. उदाहरणार्थ काशिराज पंडित, हा मराठी माणूस पण अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या नोकरीत, म्हणजे शत्रूच्या छावणीत, लढाई त्याने जवळून बघितली, पण त्याने लिहिलं वीसेक वर्षांनी. ही तिन्ही माहिती एकत्र सांगणारा माणूस विश्वासाचा. नुसतं 'काशिराजाने डोळ्यांनी बघितलंय' म्हणणारा अर्धवट.

दुसरं, काला आंब हीच ती जागा कशावरून, हे विचारा. परंपरेने ती मानली जाते असं प्रामाणिक उत्तर आलं की समाधान मानायचं. तिसरं, अब्दाली, नजीब, शुजा यांच्याबद्दल काय सांगणार ते विचारा. समोरच्या बाजूचा हिशेब ज्याला मांडता येत नाही त्याला लढाई समजावता येत नाही, तो फक्त आपली बाजू रंगवून सांगतो. 'दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या' हे पराभवाची बातमी देणारं सांकेतिक वाक्य काला आंबला उभं राहून म्हटलं की अंगावर काटा येतोच, माझ्याही येतो, पण त्यासाठी बाबांना पाच दिवस प्रवास करवायची गरज नाही, ते त्यांना पाठच असणार.

पुण्यात असाल तर आणखी सोपं, भारत इतिहास संशोधक मंडळात आणि इतरत्र व्याख्यानं होत असतात, त्या अभ्यासकाचं एखादं असेल तर बाबांबरोबर जाऊन बसा. ऐकताना एवढंच बघा की श्रोत्याने अडचणीचा प्रश्न विचारल्यावर माणूस चिडतो की खुलतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मोठा अभ्यासक आणि चांगला टूर-लीडर हे बहुतेक वेळा दोन वेगळे लोक असतात. कागदपत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाला चाळीस लोकांची बस, चहा, बाथरूम सांभाळता येईलच असं नाही, आणि त्याने ते करूही नये. उत्तम टूर म्हणजे अभ्यासक एक, व्यवस्था बघणारा दुसरा आणि गावचे रस्ते माहीत असलेला स्थानिक तिसरा. हरियाणातला तो स्थानिक माणूस फार महत्त्वाचा, तिकडचा रोड समाज स्वतःला पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतो, त्यांच्यापैकी कोणी बरोबर असलं तर गावात तुमचं स्वागत वेगळं होतं. वंशाच्या दाव्यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे, पण त्या लोकांच्या मनातली आपुलकी खरी आहे, चहाच्या वेळी बाबांना त्यांच्याशी बोलू द्या.

जाहिरातीत काय बघायचं तेही सांगते. अभ्यासकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक 'उपलब्धतेनुसार' असं असेल तर लेखी विचारून घ्या की ते पाचही दिवस बसमध्ये असणार की फक्त संध्याकाळी हॉटेलात भाषण देणार. हॉटेलातलं भाषण यूट्यूबवर फुकट मिळतं. ग्रुप किती जणांचा, पंचवीसच्या वर असेल तर मैदानावर मागच्यांना ऐकू येत नाही, वारा असतो, हायवेचा आवाज असतो, आणि बाबांच्या वयाला हा फरक खूप पडतो. कानात घालायचे छोटे रिसीव्हर देतात का विचारा, बऱ्याच जणांकडे आता असतात. घडीची खुर्ची बरोबर घ्या, तासभर उभं राहणं तरुणांनाही जड जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्यक्रमपत्रिकेत ठिकाणं मोजू नका, एका ठिकाणी किती वेळ देतायत ते बघा. एका दिवसात नऊ पॉइंट असतील तर ती टूर बसमधली आहे.

तयार स्मारक बघून मैदान कळतं असंही समजू नका. बेल्जियममध्ये वॉटर्लूला आपले लोक युरोप टूरमध्ये जातात, तिथे मातीचा प्रचंड ढिगारा आणि वर सिंह आहे, त्यावर चढून फोटो काढतात. तो ढिगारा रचायला ज्या टेकाडावरची माती काढली तेच टेकाड वेलिंग्टनने आपल्या बचावासाठी धरलं होतं, त्यामुळे स्मारकापायीच तिथली मूळ जमीन बदलली. तिथेही समजावणारा माणूस लागतो तो यासाठीच.

महिना कोणता? १४ जानेवारीला काला आंबला कार्यक्रम असतो, महाराष्ट्रातून लोक जातात, वातावरण भारावलेलं असतं. पण शांतपणे समजून घ्यायचं असेल तर तो दिवस नको. शिवाय जानेवारीत तिकडे धुकं असं असतं की गाड्या तासन्‌तास लेट आणि हायवेवर दहा फुटांपुढचं दिसत नाही, ६८ वर्षांच्या माणसाला घेऊन मी तरी तो धोका घेणार नाही. एक मात्र आहे, त्या थंडीत पहाटे पाच मिनिटं उभं राहिलं की दख्खनच्या कपड्यांत, अर्धपोटी त्या लोकांनी काय काढलं असेल ते सांगायला अभ्यासक लागत नाही. तब्येत ठणठणीत असेल आणि बाबांचीच इच्छा असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा मधला मार्ग. नाहीतर फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य, ऊन सोसवतं आणि गहू गुडघ्या-कमरेच्या वर जात नाही. दिवाळीच्या आसपास टाळा, दिल्लीची हवा त्या दिवसांत वयस्कर माणसाच्या छातीला चांगली नसते.

आणि टूर न घेता स्वतःच जायचं ठरवलं, तरीही हाच क्रम ठेवता येतो. लाल किल्ला आणि बुराडी एक दिवस, बागपत करून सोनीपतमार्गे पानिपत दुसरा दिवस, तिसरा पूर्ण दिवस पानिपत, चौथ्या दिवशी कुंजपुरा आणि परत. एक मोठा नकाशा प्रिंट करा, ए-थ्री साइझचा, त्यावर बाबांना निघायच्या आधी पेन्सिलने दोन्ही फौजांच्या तारखा लिहायला सांगा, परतूरहून मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब निघाले तिथपासून. एवढं वाचलेल्या माणसाच्या हातात हा नकाशा दिलात तर अर्धे प्रवचन तेच करतील, आणि तुमचे पैसेही वाचतील. अडेल ते फक्त मैदानावर, आणि त्या एका दिवसापुरता एखादा जाणकार ठरवता येतो का हेही विचारून बघा, काही अभ्यासक तयार होतात.

तर, फक्त नमस्कार करायचा असेल तर स्वतः जा. समजून घ्यायचं असेल आणि टूर रस्ता दाखवणारी असेल, ग्रुप लहान असेल, अभ्यासक पूर्ण वेळ बरोबर असेल, तर दुप्पट पैसेही योग्य आहेत असं मी म्हणेन. यातलं काहीच नसेल तर नाव कितीही मोठं असो, नको.

त्या ग्रुपला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, बागपतला थांबता का आणि किती वेळ. काय उत्तर आलं ते इथे लिहा, आणि कार्यक्रमपत्रिका मिळाली तर दिवसवार वेळा टाका, मी बघून सांगते कुठे घाई आहे ते.